सैन्यात निघालेल्या लेकीला

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तू अमेरिकी लष्करात भरती होतेयस, हे सांगताना तुझ्या आईचा आवाज फोनवर दाटून आला होता. मी तुला अडवायला लिहीत नाही. पण इतकी वर्षं सैनिकांच्या दुखापतींची कामं केल्यावर, सही करण्याआधी एक गोष्ट तुझ्या कानावर घातलीच पाहिजे. वर्दीत असताना सरकारच्या हलगर्जीपणामुळे तुला इजा झाली, तर सरकारवर कोर्टात दावा तुला जवळजवळ लावताच येणार नाही.

संसदेने असं म्हटलं नव्हतं. १९४६च्या कायद्याने सरकारवर भरपाईचे दावे लावायची वाट मोकळी केली आणि लष्कराच्या कामांपैकी युद्धकाळातल्या लढाईच्या कारवाया तेवढ्या त्यातून वगळल्या. १९५० साली सुप्रीम कोर्टाने ‘फेरेस’ खटल्यात, सेवेच्या ओघात झालेली इजा सगळीच वगळून टाकली.

त्या निकालात तीन प्रकरणं एकत्र होती. फेरेस बराकीच्या आगीत गेला. दुसऱ्याच्या घरच्यांचं म्हणणं, तो लष्करी डॉक्टरांच्या चुकीने गेला. तिसरा जेफरसन. त्याच्या पोटाचं ऑपरेशन लष्करात झालं. काही महिन्यांनी, सेवेतून सुटल्यावर, पोट पुन्हा उघडावं लागलं, तर आत टॉवेल निघाला. ३० इंच लांब, १८ इंच रुंद, वर लष्कराच्या वैद्यकीय विभागाचं नाव. आज टेप घेऊन घरातला एखादा टॉवेल मोजून बघ. तो माणूसही हरला.

दाव्यांमुळे लष्करी शिस्त बिघडेल आणि सैनिकांना भरपाईची वेगळी सोय आहेच, ही कारणं तुला ऐकवली जातील. रणांगणावरच्या हुकमापुरतं पहिलं कारण मला पटतं. ऑपरेशन टेबलापुरतं कधीच पटलं नाही. २०१४ साली नौदलातली एक लेफ्टनंट, स्वतः प्रसूतिकक्षातली नर्स, बाळंतपणानंतर काही तासांत रक्तस्रावाने गेली. नवऱ्याचा दावा फेरेसवरच अडला. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. एरवी दोन टोकांना असणारे थॉमस आणि गिन्सबर्ग, हे दोघेच न्यायमूर्ती ऐकायला तयार होते. बाळंतपणात कसली लष्करी शिस्त, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस एक खिडकी उघडली. रिचर्ड स्टेस्कल या ग्रीन बेरे, म्हणजे लष्कराच्या विशेष दलातल्या, सैनिकाचा फुप्फुसाचा कॅन्सर लष्करी डॉक्टरांच्या नजरेतून निसटला होता. त्याने संसदेत खेटे घातले आणि लष्करी दवाखान्यातल्या चुकीच्या उपचारांबद्दल भरपाई मागता येऊ लागली. मात्र अर्ज संरक्षण खात्याकडेच करायचा, निर्णयही खातंच देणार, आणि त्यावर कोर्टात जाता येत नाही. मुदत दोन वर्षांची. प्रशिक्षणातला अपघात, गाडी उलटणं, बराकीतली आग यांना ही खिडकीही नाही. मग उरते ती वेटरन्स, म्हणजे माजी सैनिकांच्या, खात्याची अपंगत्व भरपाई. तिथे कोणाची चूक हे सिद्ध करावं लागत नाही, पण इजा सेवेत झाली हे दाखवावं लागतं, आणि ते कागदावरच दिसतं.

माझ्याकडे एक मुलगा आला होता. पॅराशूटच्या उडीत पाठ दुखावली. सिक कॉलला, म्हणजे आजारी सैनिकांच्या रोजच्या तपासणीला, गेलं की बाकीचे हसतात म्हणून गेलाच नाही, गोळ्या घेऊन धावत राहिला. सेवा संपल्यावर धड वाकता येईना. फाइल उघडली, तर चार वर्षांत पाठीबद्दल एक ओळ नाही. सोबत्यांची लेखी निवेदनं गोळा करता करता आमचं दीड वर्ष गेलं. ते पोर माझ्यासमोर खुर्चीत बसायचं नाही, भिंतीला टेकून उभं राहायचं.

म्हणून, बाळ, दुखलं की त्याच दिवशी सिक कॉलला जा. कोण हसतंय ते बघू नकोस. प्रत्येक तपासणीची प्रत मागून घे आणि एक संच आईकडे ठेव. सेवा संपल्यावर वर्षाच्या आत अपंगत्वाचा अर्ज टाकलास, तर भरपाई सुटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात. आणि सुटल्यानंतर वेटरन्स हॉस्पिटलात उपचार चुकले, तर तिथे फेरेस आड येत नाही. १९५४ साली गुडघ्याच्या ऑपरेशनच्या एका प्रकरणात कोर्टाने तसा दावा चालू दिला. तीही मुदत दोन वर्षांचीच.

भरतीच्या तपासणीत तुझ्या घोट्याचं जुनं फ्रॅक्चर लपवू नकोस, खरं तेच लिही. ते कागद घेऊन येत्या रविवारी ये. शेजारी बसून एकेक ओळ वाचू.

तुझी,
मावशी