नेट कमी असलेल्या घरी मराठी वाचनासाठी मोफत काय पाठवता येईल?

चौथीपर्यंतच्या मुलांसाठी आधी स्टोरीवीव्हर उघडा. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेलं हे डिजिटल ग्रंथालय पूर्ण मोफत आहे. भाषा मराठी निवडा, मग पातळी. इथे इयत्तेकडे पाहू नका, मूल आज जे अडखळत वाचतं त्याच्या एक पायरी खालचं पुस्तक द्या, नाहीतर ते दुसऱ्या पानावर सोडून देतं.

डाउनलोडसाठी लॉगिन लागतं. कमी रिझोल्यूशनची पीडीएफ घ्या आणि व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा. स्क्रीनशॉट पाठवले तर फोटो दाबला जातो, मात्रा-अनुस्वार पुसट होतात, आणि नवशिक्या वाचकाची तिथेच अडचण होते. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यामुळे छापून वाटायलाही हरकत नाही. फक्त लेखक-चित्रकारांच्या नावांचं शेवटचं पान काढू नका, श्रेय देणं ही परवान्याची अट आहे.

पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये मिळतात. धड्यातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमधूनच स्कॅन करा. कॅमेरा धड नसेल तर कोडखालची सहा अक्षरं टाइप करा. कोडवरून उघडणारे धड्याचे व्हिडिओ वाय-फायवर ॲपमध्येच उतरवून ठेवले की नंतर नेटशिवाय चालतात.