हूइजवर पुढच्या वर्षाची तारीख दिसते म्हणून डोमेन रिन्यू झालं असं धरू नका

तुम्ही लिहिलंय की वाचनालयाच्या .कॉम नावाची साइट परवापासून उघडत नाही, मेल परत येतायत, हूइज (डोमेनची नोंद दाखवणारी सेवा) मात्र मुदत पुढच्या मार्चपर्यंत दाखवतंय, आणि ज्या रिसेलरकडून नाव घेतलं तो म्हणतोय, "रिन्यू झालंय, ब्राउझरची कॅश साफ करा आणि थांबा." थांबू अजिबात नका. आमच्या संस्थेच्या नावाचं जवळजवळ याच शब्दांत हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

(आदेश इथे देवनागरीत लिहिलेत, टर्मिनलमध्ये ते इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे. हूइज आणि डिग (नावाची डीएनएस नोंद विचारणारा आदेश) तुमच्याकडे आहेत असं धरतो. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) घ्या.)

मुख्य गोष्ट अशी. .कॉमची मुदत संपली की व्हेरीसाइन या कंपनीची रजिस्ट्री (सगळ्या .कॉम नावांची मुख्य नोंदवही) ते नाव आपोआप एक वर्ष पुढे ढकलते. तुम्ही पैसे भरले की नाही हे रजिस्ट्रीला माहीतच नसतं, तिचा व्यवहार फक्त रजिस्ट्रारशी, म्हणजे तिच्याकडे नावं नोंदवणाऱ्या कंपनीशी; रिसेलर त्या कंपनीमार्फत नावं विकतो. रजिस्ट्रारला त्यानंतर ४५ दिवस मिळतात. त्या मुदतीत त्याने नाव डिलीट केलं, तर त्या वर्षाचे पैसे त्याला परत मिळतात. म्हणजे या दीड महिन्यात हूइजच्या 'रजिस्ट्री एक्स्पायरी डेट' या ओळीत पुढच्या वर्षाची तारीख असते, आणि तुमचं रिन्यूअल झालेलंच नसतं. तुमच्या रिसेलरच्या मदतकक्षाने बहुधा हीच ओळ वाचून तुम्हाला उत्तर दिलंय. आमच्या वेळीही तेच झालं. दर फोनला नवा माणूस, दर वेळी तीच तारीख वाचून दाखवायची, आणि तोवर ४५ दिवसांतले दिवस सरत होते. माझ्या मते डोमेन विकणाऱ्याला या दोन तारखांतला फरक माहीत नसणं अक्षम्य आहे.

गंमत म्हणून नव्हे, पण व्हेरीसाइन हे स्वतःच सांगते. हूइजच्या आउटपुटच्या तळाशी जी लांबलचक सूचना येते, तिच्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की वरची तारीख ही रजिस्ट्रारच्या रजिस्ट्रीकडच्या नोंदीची आहे, तुमच्या आणि रजिस्ट्रारच्या करारातली तारीख वेगळी असू शकते, ती रजिस्ट्रारकडे पाहा. लिनक्सवरच्या हूइजमध्ये मोठ्या एचचा पर्याय कायदेशीर मजकूर लपवण्यासाठी असतो, आणि जाणकार मंडळी तो सवयीने लावतात. एकदा तो न लावता पूर्ण आउटपुट वाचा.

आता वाचायचं कसं. नाव नुसतं द्या, पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलंत तर 'नो मॅच' येईल. डेबियन किंवा उबुंटूवरचं हूइज .कॉमसाठी आधी रजिस्ट्रीचं उत्तर छापतं आणि त्याखाली रजिस्ट्रारचं. दोन्हींत तारखा असतात: वर 'रजिस्ट्री एक्स्पायरी डेट', खाली 'रजिस्ट्रार रजिस्ट्रेशन एक्स्पिरेशन डेट'. तुमच्या प्रश्नात जो आदेश आहे, हूइजचं आउटपुट ग्रेपमधून (हवा तो शब्द असलेल्या ओळी गाळणारा आदेश) काढून 'हेड -१' लावलेला, तो नेमका पहिली ओळ ठेवतो आणि हवी ती टाकून देतो. 'हेड' काढून टाका. दोन तारखांत बरोबर एका वर्षाचा फरक असेल, तर तुमचं नाव रिन्यू झालेलं नाही हे जवळजवळ नक्की. 'अपडेटेड डेट' हाही धागा आहे: ती मुदत संपल्याच्या आसपासची असेल, तर तो बहुतेक वेळा आपोआप ढकलण्याचाच ठसा असतो. पण नेमसर्व्हर (नावावरून साइट आणि मेलचा पत्ता सांगणारे सर्व्हर) बदलले तरी ती हलते, म्हणून एकट्या तिच्यावर विसंबू नका.

खालचा भाग आलाच नाही तर? २८ जानेवारी २०२५ पासून .कॉमसारख्या जेनेरिक नावांच्या रजिस्ट्री आणि रजिस्ट्रारवर जुन्या, ४३ क्रमांकाच्या पोर्टवरच्या हूइजची सक्ती उरलेली नाही. काहींनी तो बंद केलाय. मग आरडीएपी वापरा, म्हणजे हूइजच्या जागी आलेली नवी पद्धत. 'कर्ल -एस -एल' (यातला एल मोठा) देऊन पुढे 'एचटीटीपीएस://आरडीएपी.ऑर्ग/डोमेन/' आणि तुमचं नाव, आउटपुट जेक्यूमधून (ते नीट मांडून दाखवणारं साधन) काढा. हे रजिस्ट्रीचं उत्तर. त्यातल्या 'लिंक्स'मध्ये 'रिलेटेड' असा दुवा असतो, तो रजिस्ट्रारच्या आरडीएपीचा. तो उघडून 'इव्हेंट्स'मध्ये 'रजिस्ट्रार एक्स्पिरेशन' शोधा. ही नोंद ऐच्छिक आहे, सगळे देत नाहीत. 'ऑटो रिन्यू पीरियड' असं स्टेटस दिसलं तर शंका मिटलीच, पण दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

तारखा यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) असतात, शेवटी झेड असतो तो त्याचाच. १० मार्च १८:४५ झेड म्हणजे आपल्याकडे १० तारखेच्या मध्यरात्रीनंतरचे सव्वाबारा, तारीख ११ मार्च. शेवटच्या दिवशी पैसे भरणाऱ्यांनी हे साडेपाच तास ध्यानात ठेवावेत.

साइट का बंद आहे ते डिगने पाहा. इथे '+शॉर्ट' (फक्त उत्तर छापणारा पर्याय) लावू नका. नाव अस्तित्वात नसलं तरी तो काही छापत नाही आणि सर्व्हर फेल झाला तरी काही छापत नाही, म्हणजे निदानच होत नाही. तुमच्या इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरलाही (नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरला) विचारू नका, सरळ वरच्या सर्व्हरला विचारा: 'डिग +नोरिकर्स @ए.जीटीएलडी-सर्व्हर्स.नेट', पुढे नाव आणि एनएस (नेमसर्व्हरची नोंद). उत्तर 'ऑथॉरिटी सेक्शन'मध्ये येईल.

तिथे ओळखीचे नेमसर्व्हर जाऊन कुठलेतरी पार्किंगचे (तात्पुरत्या पानाचे) आलेत? मुदत बहुधा संपली आहे. आयकॅन या डोमेन नावांच्या जागतिक संस्थेच्या नियमानुसार डिलीट करण्याआधी किमान शेवटचे ८ दिवस रजिस्ट्रारला साइट तोडावीच लागते, मालकाला जाग यावी म्हणून. बरेच जण त्याच्या कितीतरी आधी तोडतात. तुमचे मेल परत येतायत ते यामुळेच असावेत. रिन्यू झाल्यावरही जुनी नोंद काही ठिकाणी रेंगाळते, .कॉमच्या एनएस नोंदीचा टीटीएल (ती साठवून ठेवायची मुदत) १७२८०० सेकंद म्हणजे दोन दिवस आहे. कॅशचा मुद्दा आलाच तर तो इथे, रिन्यूअलनंतर.

'एनएक्सडोमेन' ('असं नाव नाही') आलं आणि हूइजमध्ये नाव मात्र आहे? मग स्टेटस वाचा. 'क्लायंट होल्ड' असेल तर रजिस्ट्रारने रोखलंय. कारण पैसे असेल, किंवा नोंदणीचा ईमेल १५ दिवसांत पडताळला गेला नाही हे असेल. 'रिडेम्प्शन पीरियड' असेल तर नाव डिलीट झालंय, ते सोडवायला ३० दिवस आहेत, आणि ते फक्त त्याच रजिस्ट्रारमार्फत, नेहमीच्या फीच्या कित्येक पट देऊन. सोबत 'रिडेम्प्शन पीरियड' नसून नुसतं 'पेंडिंग डिलीट' असेल, तर ५ दिवसांत नाव बाजारात, आता कुणी काही करू शकत नाही. 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' पाहून घाबरू नका, ते नेहमीचं कुलूप आहे.

नेमसर्व्हर बरोबर आहेत आणि तरी रिझॉल्व्हरला विचारल्यावर (इथे मात्र त्यालाच विचारायचं) 'सर्व्हफेल'? तर मुदतीचा प्रश्न नसून डीएनएसेकचा (डीएनएस उत्तरांवरची सही पडताळण्याचा) असू शकतो. '+सीडी' लावून पाहा. तसं केल्यावर उत्तर आलं, तर बहुधा जुना डीएस रेकॉर्ड (त्या सहीच्या किल्लीची नोंद) वर, रजिस्ट्रीत राहिलाय.

४५ आणि ३० आणि ५ अशी बेरीज करून "अजून ८० दिवस आहेत" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ४५ ही कमाल मर्यादा आहे, रजिस्ट्रार आधीही डिलीट करू शकतो. शिवाय पुष्कळ रजिस्ट्रार मुदत संपलेली चांगली नावं डिलीट न करता लिलावात दुसऱ्याला देतात. तसं झालं तर रिडेम्प्शनची वेळ येतच नाही.

तेव्हा आजच हे करा. हूइजमध्ये 'रजिस्ट्रार' म्हणून जी कंपनी आहे ती तुमचा रिसेलर नाही, हे आधी पाहा. 'रिसेलर' अशी वेगळी ओळ कधी असते, कधी नसते. रिसेलरकडे रिन्यूअलचा ऑर्डर क्रमांक आणि रजिस्ट्रारची पावती लेखी मागा. संध्याकाळपर्यंत आली नाही तर थेट रजिस्ट्रारच्या सपोर्टला लिहा, दोन्ही तारखांचं आउटपुट जोडून. आयकॅनकडे तक्रार करता येते, पण ती वेळखाऊ, नाव वाचवण्याचा पहिला उपाय ती नव्हे. मी वकील नाही, मालकीचाच वाद निघाला तर वेगळा सल्ला घ्या.

आत्ता वैतागून ट्रान्सफर करायला जाऊ नका. आधी रिन्यू, आणि मुदत संपल्यापासून ४५ दिवस उलटल्यावर ट्रान्सफर. आधी केलंत तर रिन्यूअलचं वर्ष वाया जाऊ शकतं.

रजिस्ट्रारला मुदतीआधी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशा दोन सूचना पाठवाव्या लागतात, आणि नंतर ५ दिवसांत आणखी एक. त्या तुम्हाला आल्या नसतील तर नोंदणीत रिसेलरने स्वतःचाच ईमेल घातलाय का ते तपासा. २०१८ पासून हूइजमध्ये वैयक्तिक माहिती झाकलेली असते, त्यामुळे हे बाहेरून कळत नाही, खात्यात शिरूनच पाहावं लागेल. खातं वाचनालयाच्या नावावर नसेल तर नाव तुमचं आहे असं मी तरी म्हणणार नाही. आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा, नाहीतर साइट बंद पडली की सूचनाही बंद.

वरचं सगळं .कॉमपुरतं. .इन आणि .भारत निक्सी या भारतीय संस्थेकडे आहेत, आयकॅनच्या या मुदती त्यांना जशाच्या तशा लागू नाहीत. देवनागरी .भारत नाव काही साधनं तसंच स्वीकारत नाहीत. आधी आयडीएन२ या आदेशाने त्याचं एक्सएनपासून सुरू होणारं रूप काढा आणि तेच शोधा.

स्क्रिप्ट लावून रोज तपासणार असाल तर एक सावधगिरी: हूइज सर्व्हर जास्त विचारणा झाली की रिकामं उत्तर देतात, आणि स्क्रिप्ट त्याला "नाव उपलब्ध" समजते. आरडीएपीत ४०४ म्हणजे नाव नाही आणि ४२९ म्हणजे विचारणा जास्त, असं वेगळं कळतं.

दोन्ही तारखा, 'अपडेटेड डेट', सगळी स्टेटस आणि डिगचा 'ऑथॉरिटी सेक्शन' इथे टाका. त्यावरून नाव नेमकं कुठल्या टप्प्यात आहे ते सांगता येईल.