फेब्रुवारीत डिझेल गाडीने किब्बर: लेन्सआधी टाकीचं बघा

स्वतःची डिझेल गाडी, किन्नौरमार्गे हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातलं किब्बर गाव, फेब्रुवारी, सगळे मिळून नऊ दिवस, आणि हिमबिबट्यासाठी ४०० ची लेन्स पुरेल की ६०० ची, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात कालवलं, कारण तीन हिवाळ्यांपूर्वी मी हुबेहूब हाच बेत आखला होता. लेन्सचं इतर सांगतील. उंचीची सवय, कपड्यांचे थर, हिवाळ्यात बंद असलेली कुंझुम ला ही खिंड हेही तुम्ही वाचलं असेलच. मी डिझेलबद्दल सांगतो.

वर पंप कमी, म्हणून मी चंदीगडला टाकी काठोकाठ भरली आणि रामपूरला पुन्हा भरली. हीच माझी चूक. गारठ्यात डिझेलमधलं मेण गोठतं आणि त्याचे कण फिल्टरमध्ये अडकतात. मैदानात हिवाळ्यात मिळणारं डिझेलसुद्धा मानकाप्रमाणे साधारण ३ अंशांपर्यंतच वाहतं राहील असं धरायचं. किब्बर ४,२०० मीटरच्या आसपास, तिथे रात्री पारा उणे २० च्याही खाली जातो. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांतही वाहतं राहणारं डिझेल आणलं, यावरून ही अडचण केवढी आहे ते कळेल.

तिसऱ्या दिवशी पहाटे गाईडचा फोन आला. चिचमच्या बाजूला, दरीपलीकडे, मारलेल्या भरलाजवळ (डोंगरातली रानमेंढी) हिमबिबट्याची मादी बसली होती. गाडी सुरू झाली, दहा सेकंद चालली, आचके देऊन बंद पडली. गावातल्या जीपा तोवर निघून गेल्या होत्या.

मग रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत देणाऱ्या कंपनीचा नंबर लावला. दरवर्षी ज्याचे पैसे भरत होतो, तोच. उत्तर मिळालं, "हा भाग आमच्या सेवेत नाही, गाडी जवळच्या वर्कशॉपला आणा." सुरूच न होणारी गाडी दोनशे किलोमीटर आणायची कशी? चार फोन केले, दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. अजून आठवलं की संताप येतो. पैसे घेताना यांनी एकदाही सांगितलं नव्हतं की अमुक ठिकाणाच्या पुढे आम्ही येणार नाही. तुमच्या कागदावरची बारीक अक्षरं आजच वाचा.

शेवटी गावातल्याच एका ड्रायव्हरने खटपट करून गाडी चालू केली, पण त्यात तीन दिवस गेले. कुणीतरी टाकीखाली शेकोटी पेटवायला सुचवलं होतं. ते कृपा करून करू नका.

माझं स्पष्ट मत: गाडी रामपूरला किंवा रिकाँग पिओला ठेवा आणि पुढे स्थानिक जीप घ्या. तिथल्या ड्रायव्हरांना रस्ताही कळतो आणि गाडीची थंडीही. स्वतःचीच न्यायची असेल तर मैदानातलं डिझेल कमीत कमी घेऊन वर पोहोचा, म्हणजे वरच्या पंपावर काय मिळतंय ते विचारून भरायला टाकीत जागा राहील. मेण गोठू न देणारं औषध थंडी लागायच्या आधीच टाका, एकदा गोठल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. मी मेकॅनिक नाही, औषध आणि त्याचं प्रमाण तुमच्या गाडीच्या माहितगारालाच विचारा. रात्री गाडी वाऱ्याच्या आडोशाला लावा.

नऊ दिवसही कमी आहेत. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत देशभरात ७१८ हिमबिबटे धरले आहेत, त्यातले ४७७ लडाखमध्ये. म्हणून किब्बरला निदान पाच सकाळी तरी हाताशी हव्यात. तिथे कडे चाळत बसण्यापेक्षा आयबेक्सचा (डोंगरातली रानबकरी) कळप बघा. चरणं थांबवून सगळे एकाच दिशेला टक लावून उभे राहिले, तर दुर्बीण तिकडे वळवा. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या अंगाशी, आतल्या खिशात ठेवा.

आणि डिझेल फिल्टर दोन जादा घ्या. नंबर गाडीच्या पुस्तकात असतो. आम्ही त्या एका फिल्टरसाठी काझा या जवळच्या गावात सगळीकडे फिरलो होतो.