आपल्याच अंगणात शोषखड्डा खणला आणि ११ केव्हीची केबल तुटली, १ लाख ८६ हजार भरायचे का?

नाशिकहून एका वाचकाने विचारलंय. स्वतःचा बंगला, पुढे थोडी मोकळी जागा, पावसाचं पाणी जिरवायला शोषखड्डा करू म्हणून तासाच्या भाड्याने जेसीबी बोलावला, अडीच फूट खाली गेला आणि मोठा आवाज, बकेटच्या दातात ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची केबल. ड्रायव्हर वाचला हे नशीब, पण अख्खी गल्ली रात्रीपर्यंत अंधारात. वीज कंपनीचे लोक आले, पंचनामा केला, "माझ्याकडून चुकून केबल तुटली, भरपाई देण्यास तयार आहे" असं लिहून घेऊन सही घेतली. अकरा दिवसांनी १ लाख ८६ हजारांची नोटीस, सात दिवसांत भरा नाहीतर घराची लाइट तोडू आणि सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीची केस टाकू. जेसीबीवाला म्हणतो तुम्ही बोट दाखवलं तिथे खणलं, माझा काय संबंध. आणि हे विचारतायत, ताई, भरून टाकू का एकदाचे?

नका भरू. निदान आत्ता, आहे त्या नोटिशीवर तर नकोच. पण "माझी जागा आहे, मी काहीही खणेन" असं उत्तर सुद्धा पाठवू नका, ते उत्तर पुढे कोर्टात तुमच्याच अंगावर येईल.

आधी एक सांगा, खड्डा अजून उघडा आहे ना? असेल तर बुजवू नका, कंपनीने जॉइंट मारून केबल परत टाकली असली तरी खड्ड्याच्या दोन्ही भिंतींत ती आत शिरताना दिसत असणार, तिथे मेजरिंग टेप लावा, आकडा दिसेल असा फोटो काढा, शेजारच्या दोघांना उभं करून त्यांच्या सह्या घ्या. का, तर जमिनीत केबल टाकायचं भारतीय मानक आहे, आयएस १२५५, त्यात ३.३ ते ११ केव्हीच्या केबलला खोली ९० सेंटीमीटर दिलीय, ११ च्या वर ३३ पर्यंतची अजून खाली आणि घरगुती लो टेन्शनची ७५. तुमचे अडीच फूट म्हणजे ७६ सेंटीमीटर. शिवाय केबलच्या आजूबाजूला वाळू आणि वर विटा किंवा टाइल्स असायला हव्यात, म्हणजे खणणाऱ्याला आधी वीट लागते, मग तो थांबतो. तुमच्या बकेटला वीट लागली होती का? मुरमातून थेट केबल हातात आली असेल तर हाच मुद्दा तुमच्या सगळ्या उत्तराचा कणा आहे. मानक म्हणजे कायदा नव्हे हे मान्य, पण काळजी कुणी घेतली आणि कुणी नाही हे मोजायला कोर्टाला तीच पट्टी हाताशी असते.

एक विचारते आणि खरं सांगा, मधल्या काळात तुम्ही पार्किंगसाठी वगैरे अंगण खरवडून खाली घेतलंय का? कारण समोरचा वकील पहिला प्रश्न हाच टाकेल, की आम्ही टाकली तेव्हा बरोबर खोलीवर होती, वरची माती यांनीच काढली.

दुसरा नाजूक मुद्दा, तो खड्डा नक्की तुमच्याच प्लॉटमध्ये आहे ना? कंपाउंडच्या आत आहे म्हणजे प्लॉटमध्ये आहे असं नसतं, आपल्याकडे निम्मी कंपाउंडं फूट दोन फूट रस्त्यावर सरकलेली असतात (माझ्या माहेरचंही होतं, असो). मंजूर लेआउट काढून बघा, शंका असली तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज टाका. केबल रस्त्याच्या हद्दीत निघाली तर पुढचं अर्धं बोलणं बदलतं. पण खरंच तुमच्या जागेत असेल तर मग आपण त्यांना विचारायचं, कुणाच्या परवानगीने टाकली? वर्क्स ऑफ लायसन्सीज रूल्स २००६ च्या नियम ३ प्रमाणे खाजगी जमिनीखालून लाइन न्यायला मालकाची किंवा कब्जेदाराची आधी संमती लागते, तो नाही म्हणाला तर जिल्हाधिकारी किंवा पोलिस आयुक्तांसारख्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि ते अधिकारी मोबदलाही ठरवू शकतात. संमती कदाचित आधीच्या मालकाने किंवा लेआउटवाल्याने दिली असेल, मग तो कागद दाखवा म्हणायचं. उद्या ती केबल हलवून हवी असेल तर त्याचा अर्जही याच नियमाखाली जातो.

आता धमक्यांचं बघू. सार्वजनिक मालमत्तेचा जो १९८४ चा कायदा आहे त्यात "मिस्चीफ" लागतं, म्हणजे नुकसान करायचा हेतू, किंवा नुकसान होण्याची शक्यता आहे हे माहीत असणं. शोषखड्डा खणणाऱ्याच्या डोक्यात ते कुठून येणार. आणि गंमत बघा, ज्या सहीने तुमची झोप उडालीय त्याच कागदावर त्यांनीच तुमच्याकडून "चुकून" हा शब्द लिहून घेतलाय, हेतूचा प्रश्न तिथेच निकालात निघतो. ती कबुली म्हणजे शेवटचा पुरावा नव्हे, कुठल्या परिस्थितीत दिली ते सांगता येतं, आणि मुख्य म्हणजे त्यात रक्कमच नाहीये.

खरं लागू शकतं ते वीज कायदा २००३ चं कलम १३९, निष्काळजीपणे वीजपुरवठ्याचं सामान तोडणं, त्याला दंड जास्तीत जास्त दहा हजार. ऐकायला किरकोळ वाटतं पण इथे एक खोच आहे जी लोकांना माहीत नसते, २००७ च्या दुरुस्तीनंतर कलम १५१ बी प्रमाणे हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही. म्हणून पोलिस स्टेशनमधून फोन आला तर एकटे जाऊन अजून एक जबाब लिहून देऊ नका, लेखी नोटीस मागा आणि तिथल्या वकिलाला सोबत घेऊन जा. घाबरवायला नाही सांगत, तयारीत रहा म्हणून सांगते.

लाइट तोडायची धमकी मात्र पोकळ आहे. कलम ५६ खाली जोडणी तोडता येते ती तुम्हाला केलेल्या वीजपुरवठ्यापोटी पैसे थकले तर, आणि तेव्हाही पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. इथे बिल थकलेलं नाही आणि दिवस दिलेत सात. महिन्याचं लाइट बिल वेळेवर भरत रहा, त्यात हा आकडा घुसवला तर लगेच लेखी हरकत घ्या, तोडायलाच आले तर कलम ५६ मध्येच हरकत नोंदवून रक्कम भरायची सोय आहे, आणि तक्रार घेऊन वीज कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा.

आता १ लाख ८६ हजार. हा आकडा आला कुठून? तुमच्या नोटिशीत एका ओळीत "केबल, मजुरी व न विकलेले युनिट" एवढंच आहे. न विकलेल्या युनिटचे पूर्ण पैसे कसे मागता, ती वीज गल्लीला दिलीच नाही, म्हणजे तिच्या खरेदीचा खर्चही त्या प्रमाणात वाचला. केबल किती मीटर बदलली, की फक्त मधे तुकडा घालून दोन जॉइंट मारले, जॉइंट किटचं बिल, मजुरीचा हिशोब, केबल किती वर्षं जुनी होती, सगळं लेखी मागा. जुन्या केबलच्या बदल्यात नव्या केबलची पूर्ण किंमत तुमच्याकडून काढणं हे भरपाईत बसत नाही.

तुमची चूक शून्य आहे असं मी म्हणणार नाही. तुम्ही कुणालाच विचारलं नाहीत, वीज ऑफिसला एक अर्ज दिला असता तर माणूस येऊन लाइन दाखवून गेला असता. २२ मार्च २०२३ पासून "कॉल बिफोर यू डिग" नावाचं सरकारी ॲप सुद्धा आहे, त्यामागचे २०२२ चे नियम टेलिकॉम केबलसाठीचे आहेत हे खरं, पण समोरचा वकील ते काढणारच. म्हणून माझा अंदाज, तुमचा आणि कंपनीचा, दोघांचाही निष्काळजीपणा धरला जाईल आणि खरा दुरुस्ती खर्च वाटून घ्यावा लागेल.

आणि जेसीबीवाला सुटत नाही, मशीन त्याचं, ड्रायव्हर त्याचा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पैसे दिल्याचा यूपीआय मेसेज जपून ठेवा, त्याला लेखी कळवा की कंपनीने मागितलेल्या रकमेतला वाटा त्याच्याकडून वसूल करणार. मशीनची इन्शुरन्स पॉलिसी मागा, थर्ड पार्टी मालमत्तेचं कव्हर असेल, मात्र खोदकाम चालू असतानाचं नुकसान काही पॉलिसीत वगळलेलं असतं, तेवढी ओळ शोधून वाचा.

उत्तर सात दिवस उलटायच्या आत जाऊ दे, रजिस्टर्ड एडीने, वर "सर्व हक्क राखून" असं लिहून. त्यात खोलीचा आकडा, फोटो, संमतीच्या कागदाची मागणी, खर्चाच्या तपशिलाची मागणी, आणि शेवटी एक ओळ की वाजवी दुरुस्ती खर्चाबद्दल चर्चेला तयार आहे. रक्कम लिहू नका, आकडा आधी त्यांना सिद्ध करू दे. आणि खड्ड्याभोवती आजच पत्रे लावा, गल्लीतली पोरं तिथे क्रिकेट खेळतात असं तुम्हीच लिहिलंय.