घरात जपलेले तिखट मिरचीचे दोन जुने वाण शेजारी-शेजारी कुंड्यांत आहेत. यंदा पिकलेल्या फळांचं बी इतरांशी अदलाबदल करायचं आहे. काय काळजी घ्यावी?

तुमच्या प्रश्नातल्या एका तपशिलापाशी मी थांबले. दोन्ही जुने वाण शेजारी-शेजारी कुंड्यांत आहेत आणि यंदा पिकलेल्या फळांचं बी तुम्हाला द्यायचं आहे. अदलाबदल जरूर करा, पण हे बी ‘शुद्ध’ म्हणून कुणाच्या हातात ठेवू नका.

मिरचीचं फूल स्वतःच्याच परागावर फळ धरतं. म्हणून पुष्कळ जण निर्धास्त राहतात. पण मधमाश्या एका झाडावरून दुसऱ्यावर जातच असतात आणि काही फुलं परक्या परागावर फळतात. यात फसायला होतं ते असं, की यंदाच्या फळाकडे बघून काहीच कळत नाही. फळाची साल, गर आणि बिया ज्याला चिकटलेल्या असतात तो पांढरा गाभा, हे सगळं आईच्या झाडाचं. तिखटपणा आणणारं कॅप्सायसिन त्या गाभ्यातच तयार होतं, त्यामुळे चवही नेहमीचीच लागते. भेसळ लपलेली असते बियांच्या पोटात. ती दिसते पुढच्या हंगामात, आणि तीही ज्याला बी दिलं त्याच्या बागेत. तिखटपणा हा प्रभावी गुण आहे, त्यामुळे तिखट मिरचीशेजारी वाढलेल्या गोड मिरचीचं बी धरलं तर त्यातली संकरित रोपं तिखट निघतात.

माझ्या हातून हे घडलंय. आकाशाकडे तोंड करून येणाऱ्या एका छोट्या मिरचीचं बी मी एका बाईंना पाठवलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी फोटो पाठवला. निम्म्याहून जास्त झाडांना खाली लोंबणाऱ्या मिरच्या आल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांची चार-पाच महिन्यांची मेहनत आणि एक अख्खा हंगाम माझ्यामुळे वाया गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी पिशवी बांधल्याशिवाय देण्यासाठी बी धरत नाही.

पिशवी म्हणजे ऑर्गन्झाची, दोरी ओढून बंद होणारी साधी जाळीदार पिशवी. भरपूर कळ्या असलेली फांदी निवडा. तिच्यावरची उमललेली फुलं आणि धरलेली फळं आधी काढून टाका, मग पिशवी चढवून देठाशी घट्ट बांधा. फुलं उमलू लागली की रोज सकाळी फांदीला हलकी टिचकी मारा, म्हणजे पराग झडतो. चार-पाच फळं धरली की पिशवी काढा आणि त्या प्रत्येक फळाच्या देठाला रंगीत दोरा बांधा. बी काढायचं ते दोरा असलेल्याच फळांचं. दर दोन दिवसांनी पिशवीच्या आत नजर टाकत जा, कारण एकदा मावा शिरला की त्याला खाणारे किडे आत पोचू शकत नाहीत. जागा असेल तर एकाच झाडावर न थांबता पाच-सहा झाडांचं बी एकत्र करा, वाण जोमदार राहतो.

तुमचे दोन वाण कोणत्या जातीचे आहेत, हेही एकदा पाहा. लागवडीतल्या मिरच्या पाच जातींच्या: अ‍ॅन्युअम, चायनेन्स, फ्रुटेसेन्स, बकाटम आणि प्युबेसेन्स. पहिल्या तिघी एकमेकींशी कमी-अधिक प्रमाणात संकर करतात. जांभळ्या फुलांची, काळ्या बियांची प्युबेसेन्स मात्र त्यांच्यात मिसळत नाही. प्युबेसेन्स म्हणून आलेल्या पाकिटात फिकट पिवळं बी निघालं, तर पेरण्याआधीच समजा की नाव चुकलंय.

नावाची चूक फार चिवट असते. 1776 मध्ये जॅक्विन या वनस्पतिशास्त्रज्ञाने एका मिरचीला ‘चायनेन्स’ म्हणजे चीनची असं नाव दिलं. सगळ्या मिरच्या मूळच्या अमेरिका खंडातल्या, पण अडीचशे वर्षं होत आली तरी तेच नाव चालू आहे. म्हणून पाकिटावर काय लिहिता याला मी बियांइतकंच महत्त्व देते. वाण तुमच्याकडे ज्या नावाने आला तेच नाव लिहा, स्वतः नवं ठेवू नका. बी धरल्याचं वर्ष, किती झाडांचं, पिशवी बांधून की मोकळ्या परागीभवनाचं, फळ वर तोंड करून येतं की लोंबतं आणि पिकताना कोणकोणते रंग बदलतं, हे सगळं हवं. बाजारातल्या संकरित मिरचीतून काढलेलं बी जुना वाण म्हणून देऊ नका, त्याची पुढची पिढी एकसारखी येत नाही.

बी काढायचं ते पूर्ण रंग आलेल्या फळाचं, हातमोजे घालून. ते सावलीत वाळवा. वाकवल्यावर न लवता कटकन मोडलं की वाळलं. पाठवण्याआधी दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून 25 ते 30 अंश सेल्सिअसला ठेवा आणि किती उगवल्या ते पाकिटावर लिहा. चायनेन्स जातीला तीन-चार आठवडेही लागतात, घाईने मेलेली ठरवू नका. पानांवर पिवळी-हिरवी नक्षी किंवा सुरकुत्या दिसलेल्या झाडाचं बी, वाण कितीही दुर्मीळ असला तरी, देऊ नका. मिरचीचे काही विषाणू बियांच्या सालीवरून प्रवास करतात. बी देशाबाहेर पाठवायचं असेल तर बहुतेक ठिकाणी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, साध्या लिफाफ्यात घालून पाठवू नका.

आणि सगळं बी कधीच देऊन टाकू नका. पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची ‘फिश पेपर’ नावाची मिरची अमेरिकेत जवळजवळ नाहीशी झाली होती. 1940 च्या दशकात होरेस पिपिन या चित्रकाराने तिचं बी राल्फ वीव्हर यांना दिलं. बदल्यात त्याला मधमाश्या हव्या होत्या, दुखण्यावर डंख घेण्यासाठी. वीव्हर गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांचे नातू विल्यम वॉइस वीव्हर यांना ते बी आजोबांच्या फ्रीझरमध्ये सापडलं. 1995 मध्ये त्यांनी ते ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ या जुन्या वाणांचं बी जपणाऱ्या संस्थेमार्फत इतरांना दिलं आणि आज ती मिरची पुष्कळ बागांत आहे. बी दुसऱ्याच्या हाती गेलं आणि त्याने ते नीट ठेवलं, म्हणूनच ती वाचली.

तेव्हा यंदाच्या बियांपैकी निम्मं चांगलं वाळवून हवाबंद बाटलीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. उरलेलं द्यायचंच असेल तर ‘मोकळं परागीभवन, शेजारी दुसरा वाण’ असं स्पष्ट लिहून द्या. ते वाचूनही आनंदाने घेणारे भेटतात, काहींना तर संकरातून काय निघतं हेच पाहायचं असतं. झाडांवर अजून कळ्या असतील तर उद्याच पिशव्या बांधा.