आवाज का चढतो, आणि म्यूट बटण कुठून आलं

टीव्हीवरच्या तासाभराच्या कार्यक्रमात जाहिराती असतात तरी किती, आणि ब्रेक लागला की आवाज अचानक का चढतो, असं विचारलंयत.

किती, ते मी एकदा स्टॉपवॉच घेऊन मोजायला बसलो. पण ब्रेकच्या आधी 'पुढे पाहा' आणि ब्रेकनंतर पुन्हा तेच मघाचं दृश्य! हे कशात धरायचं? मी सरळ जाहिरातीत धरलं. कायद्यातल्या मर्यादेवर फार विसंबू नका. युरोपीय संघात पूर्वी दर तासाला १२ मिनिटांची मर्यादा होती. २०१८ मध्ये नियम बदलला आणि संध्याकाळी ६ ते रात्री १२ या अख्ख्या पट्ट्याचे २० टक्के झाले. म्हणजे त्याच पट्ट्यात फार कुणी बघत नसताना वाचवलेली मिनिटं ऐन गर्दीच्या वेळी आपल्या माथी मारता येतात.

आवाजाची गंमत वेगळी आहे. जाहिरातीचा सर्वांत मोठा आवाज सिनेमातल्या स्फोटापेक्षा मोठा नसतोच. पण सिनेमात कुजबुज असते, शांतता असते. जाहिरातीत कॉम्प्रेशन करून बारीक आवाजही वर ओढतात, त्यामुळे ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत कमाल पातळीला चिकटून असते. म्हणून हल्ली सरासरी पातळी मोजतात. अमेरिकेत त्यासाठीचा कायदा डिसेंबर २०१२ पासून लागू आहे. तरी ब्रेकच्या आधी नायिका हळू आवाजात रडत असेल, तर पुढची नियमात बसणारी जाहिरातही कानावर आदळणारच.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'ऑटो व्हॉल्यूम' असेल तर चालू करा. सिनेमाच्या वेळी मात्र बंद करा, नाहीतर त्यातला स्फोटही फुसका निघतो.

बाकी म्यूट करायला संकोच कसला? १९५५ मध्ये झेनिथ कंपनीने 'फ्लॅश-मॅटिक' हा टीव्हीचा पहिला बिनतारी रिमोट आणला, तो 'त्रासदायक जाहिराती गप्प करा' असं सांगूनच विकला. प्रकाशावर चालायचा बिचारा. पडद्यावर ऊन आलं की सेट आपोआप चॅनेल बदलायचा.

मी स्वतः आता थेट काहीच बघत नाही. रेकॉर्डिंग लावतो, वीस मिनिटांनी बसतो आणि ब्रेक आला की पुढे ढकलतो. क्रिकेटला हे जमत नाही. विकेट पडली की शेजारचे आधी ओरडतात.