आयरिश पुस्तकं वाचायची आहेत, घरात दहा वर्षांची मुलगीही आहे. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही क्लेअर कीगनच्या ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’पासून (२०२१) सुरुवात करा, मुलीला मरिटा कॉनलन-मॅकेनाचं ‘अंडर द हॉथॉर्न ट्री’ (१९९०) द्या. कीगनची कादंबरी छोटी, भाषा सोपी. गाव न्यू रॉस, साल १९८५. मॅग्डलिन लाँड्री म्हणजे नन्स चालवत ती धुलाईघरं, जिथे मुलींना राबवलं जाई, एवढं आधी माहीत असलं की पुरे. मग जेम्स जॉइसच्या ‘डब्लिनर्स’मधल्या १५ कथा, क्रम न मोडता. थेट त्याची ‘युलिसिस’ ही कादंबरी उघडलीत तर तिसऱ्या प्रकरणातच गाडी अडते, कारण तिथे जवळपास सगळं एका माणसाच्या डोक्यात चालतं. मात्र मुलीच्या पुस्तकात १८४०च्या दशकातला बटाट्याचा दुष्काळ आहे आणि तान्ह्या बहिणीचा मृत्यूही. सुरुवातीची प्रकरणं सोबत बसून वाचा.